बाबा वर आहेत

हॅलो? … हॅलो, कोण? … जरा मोठ्याने बोल, इथे ठोकाठोकी चाललीय!

अगं बाई, इमेल्डा! … नाही, बाबा नाहीत, मी डेलिया. पलीकडच्या घरातली. … हो, फोन आत्ताच सुरू झाला, अर्धा तास झाला असेल. शुक्रवारच्या वादळापासून मेलाच होता की तो. एकदम वाजला तर मी हातातली कपबशीच टाकणार होते.

कसला आवाज? … हां, तो. तो पॅकी आहे. … पॅकी गं, मेंढ्यांवाला. तुझ्या वर्गात होता, तुझ्या वेणीला शाई लावायचा तोच. … काय ठोकतोय? … खिळे.

बाबा? मजेत! अगदी ठणठणीत. … नाही, आत्ता नाही देता येणार फोन. … कारण ते… वर आहेत.

हॅलो? … इमेल्डा? … रडतेस का? … अगं नाही! नाही, नाही, नाही! तसं वर नाही! मारियामाते, माझ्या जिभेला काही हाड आहे का! देवाघरी नाही गं, छपरावर! … छपरावर आहेत तुझे बाबा, जिवंत आहेत आणि पॅकीला शिव्या देताहेत! … थांब, रिसीव्हर खिडकीबाहेर धरते.

ऐकलंस? … हो, तो शेवटचा शब्द मीही आज पहिल्यांदाच ऐकला.

हो, चौऱ्याऐंशी. … अगं माहीत आहे मला त्यांचं वय. केक मीच केला होता. … हो, गुडघा नवीन बसवलाय. त्या नव्या गुडघ्यानेच तर चढले.

छपरावर कशाला? … अं… ऊन चांगलं पडलंय आज.

बरं, बरं! ओरडू नकोस. सांगते. तू आधी बस बघू. … बसलीस? … तुमचं छप्पर उडालं.

… कुठे म्हणजे? अर्धं पॅकीच्या बटाट्याच्या शेतात आणि अर्धं समुद्रात. … मागच्या बाजूचं. पुढची बाजू जागच्या जागी आहे. रस्त्यावरून बघितलंस तर काही कळत सुद्धा नाही. म्हणूनच तर… काही नाही. पुढे ऐक.

कुठला फोटो? … शनिवारचा? … हो. पुढूनच काढला होता. … हो, मुद्दाम. … नाही, बाबांची कल्पना नव्हती, माझीच. टेकडीवरच्या कबरस्तानात जाऊन पाठवला, तिथेच तेवढी मोबाइलला रेंज येत होती. … टोपी? टोपी घातली होती कारण कपाळावर टेंगूळ होतं. … लिंबाएवढं. आता बोराएवढं झालंय.

रागव. रागव हवं तितकं. पण आधी ऐक ना, मग सगळा राग एकदमच काढ.

शुक्रवारी नुकतं उजाडलं होतं. असा वारा मी माझ्या अडुसष्ट वर्षांत बघितला नाही, इमेल्डा. दार उघडायला गेले तर दार मलाच घेऊन परत आत आलं. खिडकीतून बघते तर तुमच्या घराच्या मागून कौलं उडताहेत, पत्त्यांचा डाव कुणीतरी रागाने उधळावा तशी. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना, इथे तर वासेच उठून चालायला लागले.

… कशी जाणार? गल्लीत दोन झाडं आडवी. नऊ वाजता वारा जरा पडला तेव्हा पॅकी करवत घेऊन आला. आणि विटास पलीकडून, शेतातून, चक्क रांगत आला. … विटास गं, तो लिथुआनियाचा. मासळीच्या कारखान्यात कामाला आहे, जुन्या पोस्टाच्या घरात राहतो. … हो, बाबा ज्याला ‘तो रशियन’ म्हणायचे तोच. … नाही, आता नाही म्हणत. आता ‘माझा विटास’ म्हणतात.

स्वयंपाकघरात होते. टेबलाखाली. बिशपला पोटाशी धरून बसले होते. … कुत्रा गं, बिशप! खरे बिशप कशाला येतील तुमच्या टेबलाखाली? … मला बघून म्हणाले, “डेलिया, वर बघ. आता उजेड कसा छान येतो.” आणि हसले. मग माझा हात धरला. तो काही केल्या सोडेनात.

… हो. … हो गं. घाबरले होते. खूप घाबरले होते.

… मग माझ्याकडे आणलं. बाहेरच्या खोलीत, चुलीच्या भिंतीला लागून पलंग टाकला. वीज नाही, पण माझी जुनी चूल काय, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेकळांवर चालते. सगळी आळी माझ्याकडेच जेवत होती. ज्याच्या-त्याच्या फ्रीजरमधलं मांस वितळत होतं ना, ते सगळं एका पातेल्यात. काय काय पडलं त्या पातेल्यात ते विचारू नकोस. मी नाही विचारलं. पण तुझे बाबा जेवेचनात. माझं सूपसुद्धा नको म्हणाले. माझं सूप, इमेल्डा! खिडकीत बसायचे आणि त्या उघड्या घराकडे बघायचे.

रविवारी मी तुझ्या बाबांना म्हटलं, फेस्टी, इमेल्डाला कळवूया. तर म्हणाले, “छप्पर गेलंय ते परत येईल. पण तिला कळलं तर मी परत येणार नाही.”

… हॅलो?

… हो, असंच म्हणाले. अगं, नाताळात तू त्या वृद्धाश्रमाचं बोलून गेलीस ना, तेव्हापासून धास्तीच घेतलीय त्यांनी. पोस्टमन आला तरी विचारतात, कागद आहे का तिथला.

… मुलगी आहेस, मान्य. तुझे वडील आहेत, माझे नाहीत, तेही मान्य. … हो. तुला सांगायला हवं होतं. … हो. चुकलं माझं. खोटा फोटो पाठवला, खोटा निरोप पाठवला. चुकलंच.

… आता पुढचं सांगू की नको? … हं.

मग काय, गिल्डियाबाईंनी कारभार हातात घेतला. … तुमच्या शाळेतल्याच. निवृत्त झाल्या म्हणून काय झालं, शिट्टी अजून गळ्यातच आहे. शिट्टी मारली की विटास वर चढतो, दोनदा मारली की पॅकी गप्प बसतो. आणि कौलं आणायची कुठून? सगळ्या तालुक्यात एक नाही. तर बाईंनी स्वतःच्या कोंबड्यांच्या घराची उतरवून दिली. जुनी, दगडी, अस्सल. … कोंबड्या? बाईंच्या दिवाणखान्यात. एक तर रोज पियानोवर अंडं घालते. बाई म्हणतात, निदान कुणीतरी सरावाला बसतंय.

आणि पॅकीच्या गोठ्याची भिंत पडलीय बरं का. तशीच आहे अजून. मी म्हटलं, अरे आधी तुझं बघ. तर म्हणतो, “माझ्या मेंढ्यांना कुणी वृद्धाश्रमात टाकणार नाही.”

… तुला टोमणा? छे, छे. पॅकी म्हणाला, मी फक्त सांगितलं.

आणि एकतर्फी समजू नकोस हं. तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं छपरंच केली ना या किनाऱ्यावरची? सोमवारी सकाळी उठले, अंगणात खुर्ची टाकली आणि एकेक कौल हातात घेऊन बोटाने वाजवायला लागले. टण्ण वाजलं तर चांगलं, थप्प वाजलं तर तडकलेलं. दोनशे कौलं वाजवली. आणि मग जेवले! दोन वाट्या सूप आणि अर्धा ब्रेड. विटासला तेच शिकवताहेत सगळं, खिळा कुठे, चढण किती. त्या पोराचं स्वतःचं छप्परही गळतंय. पुढच्या आठवड्यात ते करायचं ठरलंय, बाबा खाली उभे राहून सांगणार.

… खाली उभे राहून, असंच ठरलं होतं गं इथेही. पण आढ्यावरची कौलं बसवताना विटासकडून रांग दोन बोटं तिरकी झाली. तुझ्या बाबांना तिरकं दिसलं की खाज सुटते, ठाऊक आहे तुला. मी आत चहा टाकायला आले, तेवढ्यात गेले की वर!

… नर्स? कुठली नर्स? … ती. तू पाठवलेली. … हो, आली होती आज सकाळी.

… त्याचं असं झालं. मी तिला रस्त्यावरच गाठलं. म्हटलं, फेस्टी अंघोळ करताहेत, तोवर या माझ्याकडे. चहा दिला, ब्रेड दिला, घरचं लोणी दिलं, नातीच्या बाप्तिस्म्याचे फोटो दाखवले. सगळे. दोनदा. दीड तास बसवून ठेवलं बिचारीला, तोवर इकडे शेवटची ताडपत्री निघून कौलं बसली. मग ती उठली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “बाई, मी मागच्या रस्त्याने आले.”

… हो ना! सगळं बघून आली होती. छपरावर चार माणसं, खाली शिट्टी वाजवणारी म्हातारी, सगळं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तर खिडकीतून विटासकडे बोट दाखवून काय म्हणते? “तो उंच माणूस माझ्या धुरांड्याचं काम करेल का? माझंही पडलंय.”

… नाही, मग गेली ना तपासायला. बाबांना चालायला लावलं, गोळ्या बघितल्या, महिना कुठला विचारलं. दीड तास नीट बोलली. लेखी दिलंय तिने. घरी राहायला हरकत नाही, भिंती वाळेपर्यंत झोपायला माझ्याकडे. आणि शिडीवर चढायचं नाही. ‘नाही’च्या खाली तीन रेघा मारल्यात.

… वाचलाय ना त्यांनी तो कागद. वाचला, नीट घडी घातली आणि शिडीचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सरकवला.

… हसतेस? … हसलीस तू, मी ऐकलं!

काय हो? … थांब गं, वरून ओरडताहेत. … इमेल्डा आहे! इ-मेल्-डा! … हो, कळलं तिला! … सगळं! … काय म्हणतेय? … काय सांगू गं त्यांना? … अहो, ती म्हणतेय, काळजी घ्या!

… अगं, तू ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणालीस ते ऐकलं मी. पण मधे भिंत आहे, वारा आहे, शब्द बदलतात जरा.

… काय? … सोमवारी? या सोमवारी? … वृद्धाश्रमात जागा मिळाली? … आणि सहीसुद्धा केलीस? त्यांना न विचारता?

… नाही, इमेल्डा. हे मी नाही सांगणार. काही म्हण. हे तूच सांग त्यांना.

… थांब, परत ओरडताहेत. … काय? … हो, विचारते! … विचारताहेत की तिकडे लीड्सला होतं का वादळ.

… अगं बाई. … कधीपासून? … छतातून? … आणि दिवेही नव्हते? दोन दिवस? मग तू काय केलंस? … जिन्यात बसून होतीस? एकटी?

… कुणी आलं नाही? … एकवीस वर्षं राहतेस ना गं त्या घरात? शेजारी कोण आहे? … नाव नाही माहीत? … ‘निळ्या गाडीवाला’ हे काय नाव झालं, इमेल्डा?

… नाही, रडू नकोस. … अगं रड. रड, चालेल.

अहो फेस्टी! तिच्याकडेही झालं! … स्वयंपाकघर गळतंय तिचं, पाच दिवस! … एकटीच होती! … नाही, हे बदलून नाही सांगत, जसं म्हणाली तसंच!

… ठोकणं थांबलं. … उतरताहेत. … सावकाश! पॅकी, धर रे त्यांना! … उतरले. दारात उभे आहेत, हातोडी घेऊन.

… काय? … ते म्हणताहेत, तू सांगितलं का नाहीस. … ती म्हणतेय, तुम्ही तरी कुठे सांगितलंत. … बास! आता मी कुणाचं काही सांगणार नाही. अगदी एका कौलाची दोन शकलं आहात तुम्ही दोघं.

… काय म्हणालीस? परत सांग. … उद्या फोन करतेस त्या आश्रमाला? … आणि सोमवारी स्वतः येतेस? … न्यायला नाही ना? … राहायला. बरं. … सांगते. … अहो, सोमवारी येतेय, चार दिवस राहणार आहे. आश्रमबिश्रम काही नाही. … मान हलवताहेत. … नाही गं, चांगल्या अर्थाने. नाक पुसताहेत. माझ्या टॉवेलला.

बोलायचंय? … नको, आत्ता दोघांनाही जमणार नाही. संध्याकाळी मी लावून देते. आत्ता तू एक काम कर. ती निळी गाडी उभी आहे का बाहेर? बघ खिडकीतून. … आहे? मग जा.

… आत्ता! … काय म्हणू म्हणजे? म्हण, मी शेजारची, घरात पाणी गळतंय, जरा येता का. … लाज कसली त्यात? तुझे बाबा पाच दिवस माझ्या घरात घोरताहेत, त्यांना नाही वाटत. … रिकाम्या हाताने नको जाऊ. काय आहे घरात? … बिस्किटं चालतील. … नाव विचार आधी त्याचं. … आणि केस नीट कर. … बायको आहे का त्याला, हेही बघ. … अगं गंमत केली! … थोडीशीच.

जा. … हं. … हं. ठेव आता. … नाही, तू ठेव.

… ठेवला. अहो फेस्टी, असे बघता काय, कापला नाही फोन. शेजारी गेलीय ती.