गिरणीसरांच्या खांद्यावरचा ठिपका

नाही, पण मला सांगा, पांढरा ठिपका दिसला की माझ्याकडेच का बघायचं? जगातले सगळे ठिपके काय मीच पाडते? भिंतीचा पोपडा पडला, बघा हिच्याकडे. कुणाच्या दप्तरावर खडू सांडला, बघा हिच्याकडे. आणि तुम्हाला सांगते, देवाशप्पथ सांगते, या वेळी मी खरंच काही केलं नव्हतं!

हसू नका. आधी ऐका तर.

आमचे हेडसर. नाव काय ते त्यांच्या दारावरच्या पाटीला माहीत, आम्ही म्हणायचो गिरणीसर. का? तर काळा कोट, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर डोक्यातला कोंडा असा भुरभुरलेला, की वाटावं माणूस आत्ताच दळण घेऊन आलाय. हे नाव ठेवलं कुणी?... ते जाऊ द्या.

तर गॅदरिंगला मी केली सरांची नक्कल. बाबांचा कोट चढवला, खांद्यांवर पावडरचा अख्खा डबा पालथा केला, स्टेजवर जाऊन सरांसारखी खाकरले, "शिस्त म्हणजे... अं... शिस्त!" आणि दिला खांद्याला झटका. पहिल्या रांगेतले पाहुणे शिंकायला लागले ते आभारप्रदर्शन संपेपर्यंत शिंकतच होते! झालं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "घरी बस. परीक्षेला बसायचं की नाही ते मी ठरवीन." आणि ठरवणार कधी? सर तर निघाले रिटायर व्हायला! त्यांच्या जागी येणार मोठ्या बाई, आणि त्या आईला तोंडावर म्हणाल्या, "सर जायच्या आधी हो म्हणाले तर ठीक. नंतर माझ्याकडे येऊ नका. मी गेटसुद्धा उघडणार नाही." म्हणजे सरांच्या तोंडून 'हो' निघालं तर माझं वर्ष वाचणार, नाहीतर वर्षभर बसा आत्याकडे कागद झटकत.

हो हो, कागद झटकत! सतरंजी झटकतात, चादर झटकतात, आमच्याकडे कागद झटकतात! माझी आत्या फोटो छापते. चित्रकारांचे, फोटोग्राफरांचे, भिंतीवर जन्मभर टांगायचे. कागद कसा, तर कापसाचा, जाड, हात फिरवला तर... फिरवायचा नाही! हातमोजे घालायचे! पण फिरवला तर चुना दिलेल्या भिंतीसारखा. आईनं मला तिथं नेऊन सोडलं, "हात कामात असले की डोकं तरी शांत राहील हिचं." आणि आत्यानं पहिल्याच दिवशी कान धरून समजावलं. "कार्टे, या कागदाच्या अंगावर भुसा असतो. बारीक तंतू, वरच्या लेपाचे कण. दिसत नाहीत, पण असतात. तसाच मशीनला लावलास तर शाई बसते त्या कणावर. उद्या कण गळला की शाई घेऊन गळतो, आणि खाली उरतं पांढरं भोक. काळ्या रंगात तर असं दिसतं, जसं काही..."

"जसं काही कोंडा!" मी म्हटलं.

"गप."

मग ते झटकणं म्हणजे काय सोपं वाटलं तुम्हाला? मशीनपासून लांब, खिडकीजवळ जायचं, नाहीतर ह्याचा भुसा उडून त्याच्यावर. कागद जरा तिरपा धरायचा, मऊ केसांचा रुंद ब्रश घ्यायचा आणि एकाच दिशेनं, हलक्या हातानं, झोपलेल्या मांजरावरून फिरवावा तसा फिरवायचा, दाबलंस तर लेपच सोलून येईल, कडांना दोनदा फिरवायचा कारण जिथं कापलाय तिथं भुसा जास्त, तोंडानं फुंकायचं नाही थुंकी उडते, शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकायचं, आणि शेवटी कागद तिरप्या उजेडात धरून एक डोळा मिटून बघायचं. एवढी निगा आईनं माझी नाही घेतली हो लहानपणी!

आणि एके सकाळी आमचे चित्रकलेचे सर दुकानात हजर. कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि बघते तर... गिरणीसर! निरोपसमारंभाला हॉलमध्ये लावायचा फोटो, जुन्या हेडमास्तरांच्या रांगेत. आणि अंगावर काय? काळा कोट! अर्धा कागद नुसता काळा, हे एवढाले खांदे! म्हटलं, मेले. यात एक कण जरी गळला, तर कोण म्हणेल कागदाचा? सगळे म्हणणार, हिनंच केलं. बरं, पाकिटात कागद उरलेले मोजके, नवीन पाकीट आठवड्यानं, आणि चित्रकलेचे सर जाता जाता म्हणतात, "हेडसर स्वतः येतील दुपारी बघायला."

मी काय झटकला तो कागद! श्वास धरून झटकला. लावला मशीनला. सर्रर्र, टक, सर्रर्र, टक... आधी केस आले, मग कपाळ, मग चष्मा, तो चष्मा तिथूनसुद्धा माझ्याकडेच बघतोय, मग गळा, मग खांदे...

खांद्यावर पांढरे ठिपके.

आत्यानं कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "काय केलंस?"

"आत्या, आईशप्पथ, या वेळी मी काही केलं नाही!"

"दुसरा घे. माझ्यासमोर झटक."

झटकला. सर्रर्र, टक. ठिपके! आता आत्यानं ब्रश हिसकावला, नाकाला लावून हुंगला. पावडर! तिला वाटलं मी ब्रशमध्ये पावडर भरली! मला काय वेड लागलंय? माझीच परीक्षा, मीच पावडर? "बाहेर उभी राहा," म्हणाली, "हात वर करून." मी अंगणात हात वर करून उभी, शेजारचा शिंपी विचारतो, "काय गं, आज काय केलंस?" सगळ्यांना 'काय केलंस' एवढंच येतं! आत आत्यानं स्वतः झटकला, स्वतः लावला... खिडकीतून डोकावले तर आत्या खुर्चीत बसलेली, मांडीवर कागद. ठिपके!

मी आत शिरले, हात वरच, आणि टेबलावर पडलेले ते तिन्ही फोटो बघते तर... थांब! मी एकावर एक असे दोन फोटो खिडकीच्या काचेला धरले. ठिपक्यावर ठिपका. अगदी बरोब्बर. "आत्या," म्हटलं, "कागदाचा कण काय पत्ता विचारून गळतो? तिन्ही वेळा त्याच घरी?"

आत्यानं कॉम्प्युटरवर खांदा मोठा केला. आणखी मोठा. आणखी...

कोंडा होता हो! खराखुरा! सरांचा स्वतःचा!

"काढून टाक ना पटकन," मी म्हटलं. तर आत्याचं तत्त्व आडवं! एकदा तिनं कुणा आजोबांच्या गालावरचा मस न विचारता पुसला, तर आजी दुकानात रडायला लागल्या, "हा परका पुरुष कोण?" तेव्हापासून गिऱ्हाइकानं सांगितल्याशिवाय माणसाच्या अंगावरचं ती काही काढत नाही. म्हणजे आता हेडसरांना विचारायचं, सर, तुमचा कोंडा ठेवू का काढू? विचारणार कोण?

तेवढ्यात दारात बूट वाजले. आणि आत्या म्हणते, "मी चहा टाकते." आयुष्यात गिऱ्हाइकाला पाणी न विचारलेली बाई!

मी, सर आणि फोटो. सर बघतायत. खाकरले. मग बोट पुढं केलं, ठिपका उडवायला, आणि मी किंचाळले, "हात लावू नका!" हेडसरांना! सरांचं बोट हवेतच.

"हे काय आहे?"

मग मी जी सुटले... भुसा, लेप, कण, मांजर, तिरपा उजेड, तीन फोटो, एकाच जागी तिन्ही वेळा...

"म्हणजे हे कागदाचं नाही."

"नाही सर."

"मग कुणाचं?"

मी म्हटलं, "सर... जसं आलंय तसं छापलंय."

सरांनी मान वळवली. हळूच. स्वतःच्या खांद्याकडे बघितलं. "घरी बायको आहे," म्हणाले. "स्टाफरूम भरून माणसं आहेत. इतक्या वर्षांत एकानं सांगितलं नाही मला."

आणि माझं तोंड! माझं तोंड कधी माझं ऐकतं का? "मी सांगितलं होतं सर. गॅदरिंगला."

मेले. मी डोळेच मिटले. सर खाकरले... नाही, खाकरले नाहीत. हसले! मग पाठ माझ्याकडे करून म्हणाले, "तो ब्रश आण." आणि मी हेडसरांचा कोट झटकला, हलक्या हातानं, एकाच दिशेनं, मांजरावरून फिरवावा तसा. "फोटोतलं काढायला सांग आत्याला," सर म्हणाले. "आणि निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये ये. तुझ्या परीक्षेचं तिथं सगळ्यांसमोर सांगतो."

आत्यानं ठिपके पुसले, शेवटचा कागद घेतला. मी ब्रश घ्यायला गेले तर म्हणते, "ठेव. हा मी झटकते." बाहेर सर बसलेले, चहा गार होतोय, तिची घाई. भराभरा दोन हात मारले. मी म्हटलं, "आत्या, तिरप्या उजेडात बघ ना!" तर म्हणे, "तू मला शिकवणार?" फोटो आला. स्वच्छ! काळाभोर कोट! काच बसली, चौकट बसली, वर कापड गुंडाळलं, गेला शाळेत.

निरोपाचा दिवस. हॉल खच्चून भरलेला. शिपायानं फोटो खिळ्याला अडकवताना चौकट भिंतीवर आपटली, ठक्! मोठ्या बाईंनी कापड ओढलं...

उजव्या खांद्यावर एक ठिपका. एकच. पांढराशुभ्र!

आणि अख्खा हॉल, तुम्हाला सांगते, अख्खा हॉल एका मानेनं माझ्याकडे वळला. मोठ्या बाई माईकवरच म्हणाल्या, "बघितलंत? बघितलंत?" अहो, काचेच्या आत! काचेच्या आत मी कशी घुसणार? आणि खाली चौकटीच्या कडेला तो गळलेला काळा कण पडलाय, मला दिसतोय, पण बघतंय कोण?

सर उठले. चष्मा सावरला. फोटोजवळ गेले. मग त्यांनी स्वतःचा खांदा बघितला, स्वच्छ होता, आणि माईक घेतला. "हा माझा नाही. हा कागदाचा आहे." खाकरले. "ती परीक्षेला बसेल."

बसले हो! वर्ष वाचलं! पण मोठ्या बाईंनी माझा परीक्षेचा नंबर दिलाय हॉलमध्ये, त्या फोटोच्या बरोब्बर खाली. जो येतो तो आधी ठिपका बघतो, मग मला बघतो आणि विचारतो, "हे तूच केलंस ना?" किती जणांना सांगू, तो कागद आत्यानं झटकला होता! आत्यानं! या वेळी मी खरंच काही केलं नव्हतं!... ऐकतं का कुणी? परवा तर खुद्द आत्याच म्हणाली, "खरं सांग गं, तूच ना?"

आता सोडलं मी भांडायचं. कुणी विचारलं की मान हलवते, म्हणते, "हो बाबा, मीच. पण ठिपका बरोब्बर जागेवर बसलाय की नाही?"