काकांच्या कॉम्प्युटरची किल्ली

तुम्ही आता पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स चालवता, त्याचं मला काही कौतुक नाही. मी अकोल्याहून कर्वेनगरला शिकायला आलो, तेव्हा कॉम्प्युटर होता फक्त घरमालक काकांकडे. त्यावर ते रोज वर्तमानपत्रांना तक्रारीची पत्रं टाइप करायचे. मला म्हणाले, “वापरा, पण आमचं काही हलता कामा नये.”

म्हणून मी लिनक्स माझ्या यूएसबी हार्ड डिस्कवर टाकलं. पण ते सुरू करून देणारा बूटलोडर चुकून अर्धा काकांच्या डिस्कवर बसला आणि अर्धा माझ्या. झालं! माझी डिस्क जोडल्याशिवाय त्यांचं विंडोजही उघडेना.

“अहो अकोलेकर, आपली किल्ली घेऊन या!” रोज सकाळी जिन्यातून हाक यायची. मी डिस्क जोडायचो, काकू पोहे द्यायच्या, काका कालचं पत्र वाचून दाखवायचे.

दुरुस्ती मला आठवड्यातच सापडली होती. पण पोहे फार चांगले असायचे हो. वर्षभर गप्प बसलो.

खोली सोडायच्या दिवशी मात्र राहवेना. सगळं नीट केलं आणि म्हटलं, “काका, आता माझी डिस्क लागणार नाही.”

काका स्क्रीनकडेच बघत म्हणाले, “तुम्हाला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?”