उजळलेले यंत्र

बसच्या रांगेत एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण उभी होती. दोघांच्या मध्ये एक जुना व्हॅक्यूम क्लीनर लखलखत होता.

“अगं, हात तरी लाव! नवरदेवासारखा नटवलाय.”

“दादा, तुझ्या हाती पडलं की भंगारालाही बाळसं येतं.”

“असे जुने क्लीनर घरभर जमवलेत, पण एवढा जीव कुठल्याच यंत्रात ओतला नाही. पट्टा नवा, पिशवी नवी.”

“आणि खालचा ब्रश?”

“तो तर पार जाम होता! लांबच लांब केस गुंडाळलेले. माझं पहिलं काम तेच. कात्रीने कापून सगळं साफ.”

“कुठे ठेवलेस?”

“केस? कचऱ्यात, आणखी कुठे?”

“चिऊ खोलीभर फिरत विंचरायची. मी ओरडायचे तिच्यावर.”

“म्हणजे ते तुझ्या लेकीचे…”

“ती गेल्यावर कपडे देऊन टाकले, फणीसुद्धा. तेवढेच उरले होते रे.”

“मेहुणे यंत्र देताना काहीच बोलले नाहीत गं.”

“त्यांना कुठे ठाऊक होतं? मी कुणालाच सांगितलं नव्हतं.”

“आपण परत जाऊन शोधू या?”

“कचरा कधीच गेला असेल, दादा.”

बस आली. भाऊ यंत्र उचलायला वाकला.

“राहू दे, मी घेते. किती हलकं झालंय रे.”