तिची टाकी, माझी भिंत

नाही हो सर, मी ती नव्हे — मी तिची जुळी ताई, पाच मिनिटांनी मोठी. सगळ्यांचीच गफलत होते, भांग तेवढा उलट्या बाजूला. बसा ना, येईलच ती — अगंबाई! — काही नाही, पंप. रोज ऐकते, तरी दचकते.

तुम्ही परीक्षक म्हणून जी बघायला आलात, ती हीच टाकी. म्हणजे आधी माझीच. मधे फिरणारं नळकांडं, पाण्यात चकाकती भुकटी. वेग वाढवला की नुसता गोंधळ — पण त्या गोंधळातही पाणी काही आकारांकडे फिरून फिरून येतं. ते मी टिपत होते. ही अख्खी भिंत फोटोंनी भरलेली, प्रत्येक आकाराला लाडाचं नाव — शिंपला, वेणी, रुसलेली मावशी. आणि ही बाई इथे प्रयोगशाळेत रुजू झाली, हातात चहा, मान वाकडी करून म्हणते, "ताई, मावशी म्हणजे वेणीच गं. नुसती फिरवून बघ." फिरवली. वेणीच! "आता शिंपला आरशात धर." तीच! संध्याकाळपर्यंत भिंतीवर मूठभर फोटो उरले. या फिरवण्याला, आरशात धरण्याला मिळून सममितीचा गट म्हणतात — मला काय ठाऊक नव्हता? कॉलेजात त्या विषयात मला तिच्यापेक्षा — जाऊ दे. त्या मूठभरांवरून ती आता पाणी पुढे कुठे वळेल ते सांगते, आणि बाबा पाहुण्यांना सांगतात, धाकटीचं डोकं म्हणजे डोकं! आणि मोठी? मोठी कष्टाळू आहे हो. कष्टाळू! बैलाला म्हणावं तसं.

जळतेय? मी? छे! तिचं आज चांगलंच व्हावं. फक्त टाकी अगदी सपाट हवी बरं का — एक पाय केसभर खाली गेला, की ही बाजू त्या बाजूसारखी राहत नाही, मग फिरवा नाहीतर आरशात धरा, काही म्हणता काही जुळत नाही. काल फरशी पुसताना हा डावा पाय सरकला. नाही, तिला नाही माहीत. सांगणारच आहे की! पण तिनं स्वतः तपासायला नको? सगळं काय ताईनंच — पेन हवं? देते, पर्समध्येच — हे? ही... पाणसळ. टाकी सपाट आहे का बघायची. माझ्या पर्समध्ये कशी — पडली असेल चुकून. असं बघू नका हो माझ्याकडे.

थांबा. तिचीच पावलं.

ये गं, सर कधीचे आलेत. काय? पाणसळ? नाही बाई, मी नाही पाहिली. आम्ही दोघांनीही नाही — हो ना, सर?

सर?