गाठीचं दुसरं नाव

(किरिबाटी, तारावा बेट. बुराएताच्या घराचा उघडा मचाण. भाची रोटिता दवाखान्यात नर्स आहे.)

रोटिता – ऐकलंस ना, मावशी? कॅन्सर नव्हताच तो.

बुराएता – ऐकलं. मग कापलं काय?

रोटिता – स्तनात टीबीची गाठ होती. तुकडा तपासायला विमानाने ऑस्ट्रेलियाला गेला, कागद आज आला.

बुराएता – दोन महिन्यांनी.

रोटिता – परदेशातले सर्जन शुक्रवारी परत निघाले होते. पुढची फेरी वर्षाने. मीच तुला म्हटलं, कागदाची वाट बघू नकोस, काढून टाक.

बुराएता – सही मी केली.

रोटिता – गोळ्यांनी बरं झालं असतं गं. सहा महिन्यांत.

बुराएता – डोळे पूस. अडुसष्टाव्या वर्षी त्याचं काय लोणचं घालायचं होतं मला?

रोटिता – थट्टा नको ना.

बुराएता – मग एक कर. कॅन्सरच राहू दे.

रोटिता – म्हणजे?

बुराएता – कॅन्सर म्हणून चर्चच्या बायका रोज येतात. इथे चटया विणतात, गातात, मासे ठेवून जातात. टीबी म्हटलं की पलीकडच्या तेरूआसारखं होईल. तिचा पेलासुद्धा वेगळा होता. पुरतानाही बायका लांबच उभ्या.

रोटिता – गोळ्या सुरू झाल्या की तसली भीती नसते.

बुराएता – हे माझ्या लेकाला सांग. त्याची लेक मोइया दत्तक दिलीय त्याने मला, पण टीबी ऐकला की उद्याच्या बसने येऊन घेऊन जाईल पोरीला.

रोटिता – मोइया झोपते कुठे?

बुराएता – माझ्याच मच्छरदाणीत. चार वर्षांची पोर, आणखी कुठे झोपेल?

रोटिता – मावशी, खरं सांग. अजून छातीला लावतेस तिला?

बुराएता – ऑपरेशनपर्यंत. दूध कुठलं, नुसतं चोखत झोपायची. आईची सर नाही, पण गप्प राहायची.

रोटिता – कुठल्या बाजूला?

बुराएता – कापली त्याच.

रोटिता – तिला तपासावं लागेल. आणि घरात कुणाला टीबी आहे, ते तिच्या कागदावर लिहावं लागेल. बापाला कळवावं लागेल.

बुराएता – नाही तपासलं तर?

रोटिता – खोकते का?

बुराएता – ईस्टरपासून. अंग धरत नाही. मी म्हणायची, बापावर गेलीय, काटकुळी.

रोटिता – मावशी...

बुराएता – लिही तू. बाप न्यायला आला की तिचे कपडे मीच बांधून देते. त्याला सापडायचे नाहीत.