फादरच्या कानाचं भोक

— आधी सावलीत या, फादर. उन्हात उभं राहून तोंड पाहू न्हाई कोणाचं, उन्हात कोणाचं बी तोंड चिडल्यावानी दिसतं — तुमचं बी दिसून राह्यलं. बसा. कबरीचं बाकीचं काम कसं झालं ते तर सांगा — क्रूस सरळ झाला का न्हाई? पार केदारखेड्याच्या रोडाकडं कलला होता, येणारे-जाणारे म्हनायचे, कबरीतले मोठे फादर बशीची वाट पाहून राह्यले. येड्या बाभळी मुळासकट काढल्या, दगडाचे सांधे चुन्यानं भरले, अक्षरं घासून वर आणली. उद्या बिशप साहेब आशीर्वादाला येतील, हात फिरवून पाहतील. आन् तुम्ही मघापासून नुसते मी केलेल्या तोंडाच्या कानाकडं पाहून राह्यले.

भोक? हां, ते — सिमेंटात हवा राहती, बुडबुडा फुटला का भोक पडतं. — बराबर कानाच्या वरच्या अंगालाच कसं? आता बुडबुड्याला कोण सांगनार, बाबा तू इथं फुट म्हनून. चहा घ्या. पुन्हा घ्या, एका चहानं काय होतं?

न्हाई, माझ्या हाताला नाव ठेवू नका. मच्छिंद्र मिस्त्री म्हना, वाटूरपर्यंत लोक वळखतात. तिथल्या एका बंगल्याच्या गेटावरचे दोन सिंह माझेच. दोन्हीची तोंडं मालकासारखी आली, मी मुद्दाम न्हाई केलं, पण मालक इतका खूश का पाव्हण्याला आधी सिंह दाखवतो, मंग घर. आन् तुमच्या कमिटीनं मला सांगितलं काय? का शंभर वर्सामागं परमुलखातून आलेले पहिले फादर, घोड्यावर फिरायचे, दुष्काळात लोकांसाठी हीर खांदली, इथंच वारले, आता कबरीवर त्यांचं तोंड पायजे. म्हन्लं, फोटू द्या. फोटू न्हाई. म्हन्लं, नाक कसं होतं? ते ठावं न्हाई. दाढी होती आन् मन दयाळू होतं, एवढंच. आता मला सांगा, दयाळू मनाचं नाक कसं असतं? मी आपलं केलं. दाढी तर लावली ना? चांगली छातीपर्यंत लावली, मायला बी आवडली.

माझी माय हो — ती काय, लिंबाखाली बसली ती, द्वारकाबाई. सकाळी भाकर घेऊन आल्ती. तोंड पाह्यलं, डबा खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आन् कबरीपुढं उभी राहून म्हनती कशी — "इथं येऊन बसलात व्हय? आन् ही दाढी कव्हा वाढवली?" तव्हापासून तिथंच बसून हाय. घरी चल म्हन्लं तर म्हनती, ते आत्ता तर आले.

— झालं. सांगून बसलो मी.

हां, फादर. बाप हाय माझा. पुंजाराम. आम्ही अप्पा म्हनायचो. शेरडं चारायचे इथंच. तुमच्या कमिटीच्या कागदात लिवलंय, कबर दुर्लक्षित होती — दुर्लक्षित कशी? अप्पा रोज दुपारी तिच्यावर निजायचे. आडवं व्हायच्या आधी दगडावर थाप मारून म्हनायचे, "फादर, जरा सरका." शेरडायनं बाभळी वाढू दिल्या न्हाईत, अप्पायनं बिडीचं थोटूक कधी तिथं टाकलं न्हाई. अप्पा गेले, शेरडं इकली, मंग बाभळी माजल्या आन् तुमच्या कमिटीला कबर आठवली.

गेले म्हंजे, त्या करोनाच्या साली. शहरात दवाखान्यात नेलं ते नेलंच. नियमच होता, तोंड पाहू दिलं न्हाई कोणाला, प्लास्टिकात गुंडाळून तिकडंच अग्नी दिला. मायला लांबून धूर दाखवला. तोंडात शेवटचं पाणी सोडतात ना आपल्यात — ते ऱ्हायलं. जल्मभर लोकायच्या भिंतींला पाणी पाजत आलो मी, फादर, बापाला घोटभर पाजता आलं न्हाई. लई लागतं ते. जेवताना लागतं.

मंग मी बसलो दयाळू नाक करायला, आन् हात आपोआप — न्हाई, आपोआप कामून म्हनू, देवाघरच्या मानसापुढं खोटं कशाला — नाक मी जानूनबुजून केलं. गालाची हाडं बी. भोक मात्र हातानंच केलं, मला कळलं बी न्हाई. बाळी घालायचे अप्पा कानात, वरच्या अंगाला. तुम्ही बोट लावलं तव्हा मी पाह्यलं.

काय म्हन्ले? न्हाई, रागवा, तुमचा हक हाय. पण ती थापी कामून हातात घेतली? खरवडनार? खरवडून पाहा. न्हाई निघत. सकाळी तुम्ही आले तव्हा वलं होतं, नुसत्या बोटानं नाक फिरलं असतं. म्हनून तर तुम्हाला आधी हीर दाखवली, मंग क्रूस दाखवला, मंग अक्षरं वाचायला लावली, चहावर चहा पाजला, सिंह सांगितले — हां, त्याच्यासाठीच. मुद्दाम. उन्हाळ्याचं सिमेंट हाय, धरलं त्यानं. हे पाहा, वाजवतो — टक, टक. आता हातोडाच लागंल. आन् हातोडा मायच्या बुडाखाली हाय. तुम्हीच जा, तुम्हीच म्हना तिला, ऊठ म्हनून.

...

ठेवली थापी? बरं केलं.

आता तांब्या कामून उचलला? — हां, ते बराबर, पाणी तर मारावंच लागतं, न्हाईतर तडे जातील. वरून सोडायचं, हळू, धार धरून, मंग वलं पोतं गुंडाळायचं. मारा ना, तुमच्या हातचं चालतंय.

मला? मला कामून देऊन राह्यले, फादर? तुम्हीच —

बरं. द्या.

भोक बुजवतो उद्या सकाळी, बिशप साहेबाच्या आधी, बिलकुल बुजवतो. आज नगं. आज तुम्ही एक करा, तो उरलेला चहा मायला देऊन या. गार झाला असंल तरी चालंल. जावा. आन् जरा तिकडंच तोंड करून उभे राहा.