माझ्या वाट्याचा डुम

...नाही, पण तुम्हीच सांगा, ज्यानं उभा जन्म बातमीदारी केली, शब्दांवर पोट भरलं, भर सभेत मंत्र्यांना प्रश्न विचारून घाम फोडला, त्याच्या वाट्याला गाण्यात एक शब्द येऊ नये? एक? विद्यापीठात आमचा जाझ गाणाऱ्यांचा कंपू होता हो! वाद्य एकही नाही, सगळं तोंडानं. कोणी ट्रम्पेट, कोणी झांजा, आणि आमचा तो गोडगळ्या मधोमध उभा राहून, डोळे मिटून, चंद्र काय, विरह काय... पोरी नुसत्या विरघळायच्या! आणि मागे मी, खर्जातला ठेका धरून, काय म्हणतोय? डुम. डुम डुम डुम!

तुम्हाला सांगतो, रसायनशास्त्राच्या इमारतीत जिन्याखाली तालीम चालायची, कारण तिथे आवाज घुमायचा. वरून कसलासा उग्र वास, खाली आम्ही खांद्याला खांदा लावून, आणि आमची शिट्टीबाई, म्हणजे सूर द्यायची छोटी शिट्टी जिच्या गळ्यात असायची ती, कमरेवर हात ठेवून, "ए डुम्या, शब्द पुटपुटू नकोस! तुझं काम तू कर!" अहो, सगळी गाणी पाठ होती मला! अजून आहेत! पण विचारतंय कोण? डुम!

तर परवा, इतक्या वर्षांनी, जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा. सगळ्यांची पोटं सुटलेली, शिट्टीबाई आजी झालेली, शिट्टी मात्र गळ्यातच! आणि गोडगळ्याचा, आता दातांचा डॉक्टर आहे तो, नेमका त्याच दिवशी घसा बसला. बसला कसला, आडवाच झाला! शिट्टीबाई माझ्याकडे वळून म्हणते, "डुम्या, शब्द येतात ना रे तुला?" येतात ना? अगं बाई, जन्मभर आंघोळ करताना दुसरं काय म्हणतोय मी!

गेलो पुढे. मिटले डोळे. 'चंद्र' म्हणालो... काय सांगू, माझ्याच अंगावर काटा आला! दुसरी ओळ उचलली आणि पाठीवर एक हात. मग दुसरा. मग तिसरा. आमच्या कंपूत सवयच होती ती, सूर निसटला की डुमवाल्याच्या पाठीला तळवा लावायचा, आतली घरघर हाताला लागली की सूर सापडला. आता बिचारे चाचपडतायत, आणि मी वरच्या सुरात शब्द गातोय, पाठीत काहीच नाही! ब्रेक सुटलेल्या गाडीसारखं गाणं उतारावरून खाली, खाली... काय करणार? तोंडात आलेली ओळ गिळली, आणि... डुम. डुम डुम डुम. सावरले सगळे! शब्द? शब्द कोणीच म्हटले नाहीत. गोडगळ्या नुसते ओठ हलवत होता!

टाळ्या पडल्या. खाली उतरलो, तर पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक हात धरून विचारतात, "काय हो, मधे काहीतरी बंद पडलं होतं का? एकदम चुकल्यासारखं झालं. मग परत सुरू झालं, तेव्हा कुठे बरं वाटलं."

म्हटलं, "हो सर. लगेच दुरुस्त केलं."